चाड्यावरची मूठ

परभणी जिल्ह्याच्या काळ्या, भारी रानात मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला आणि तिफण जुंपली गेली, म्हणजे चाड्यावर मूठ धरून चालणाऱ्या पेरणाऱ्याच्या हातून बी असे सुटत असते की ते ना दाट पडावे ना विरळ, बैलांची चाल मंदावली तर त्याचा ओघही मंदावावा, आणि तास संपून बैल वळू लागले की अंगठा व तर्जनी यांच्यामधील फट आपोआप मिटावी. ही मूठ ज्याला साधली त्याला ती कशी साधली असे विचारले, तर तो समाधानकारक उत्तर देऊ शकत नाही. त्याने ती कोणत्याही ग्रंथात वाचलेली नसते, तिचे नियम कोणी त्याच्याकडून पाठ करून घेतलेले नसतात, आणि बापाने किंवा आजाने ‘अशी धर’ म्हणून सांगितलेच असेल तर तेही एखाद्या वेळी. मात्र चार-पाच वर्षांचा असताना तो तिफणीमागून अनवाणी चालत, मुठीत माती घेऊन ती तासात सोडत गेलेला असतो; मोठ्यांच्या कामाच्या घाईत त्याच्या त्या मातीच्या पेरणीकडे कोणाचे फारसे लक्षही गेलेले नसते. प्रस्तुत लेखाचा विषय ही मातीची पेरणी हा आहे.

गाईचे वासरू जन्मल्यानंतर थोड्याच वेळात धडपडत उभे राहते आणि आचळ शोधते. मनुष्याच्या अपत्याला उभे राहावयास वर्ष लागते, आणि आपले अन्न आपण मिळविण्याची पात्रता अंगी येईपर्यंत तर एक तप उलटून जाते. एवढे प्रदीर्घ परावलंबन निसर्गाने मनुष्याच्याच वाट्याला का द्यावे, या प्रश्नाचे एक उत्तर असे आहे की, जे ज्ञान रक्तातून उतरत नाही ते डोळ्यांतून आणि हातांतून उतरावे यासाठी हा अवधी आवश्यक आहे. मनुष्य हा सर्व प्राण्यांत सर्वाधिक अनुकरणशील असून त्याचे पहिले धडे अनुकरणातूनच होतात, असे अॅरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी नमूद करून ठेवले आहे. तथापि विचारवंतांच्या दरबारात अनुकरणाला मानाचे आसन क्वचितच मिळाले. स्वतंत्र प्रज्ञा ती श्रेष्ठ आणि दुसऱ्याचे पाहून करणे ते कनिष्ठ, अशी आपली समजूत झाली आहे, आणि प्रौढांच्या बाबतीत ती पुष्कळ अंशी योग्यही असेल. परंतु हाच मापदंड तीन वर्षांच्या मुलाला लावणे हा त्याच्यावर उघड अन्याय आहे. लहान मूल पाहून करते, ते बुद्धीच्या अभावी नव्हे. बुद्धीचा तो त्याचा पहिला आणि सर्वांत धाडसी व्यापार आहे.

या व्यापाराचा आरंभ नेमका केव्हा होतो, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप मतैक्य नाही. १९७७ साली अँड्र्यू मेल्ट्झॉफ आणि कीथ मूर या दोघा अमेरिकन संशोधकांनी असे प्रसिद्ध केले की, बारा ते एकवीस दिवसांची अर्भकेसुद्धा समोरच्या माणसाने जीभ बाहेर काढली तर जीभ काढतात आणि तोंड उघडले तर तोंड उघडतात. पुढे त्यांनी जन्मून पाऊण तासही न झालेल्या बालकाचा दाखला दिला. ज्याने आपला चेहरा आरशात कधी पाहिलेला नाही, त्याने दुसऱ्याच्या जिभेशी आपल्या जिभेचे नाते जुळवावे, ही कल्पनाच इतकी विस्मयकारक होती की ती पुढील चाळीस वर्षे पाठ्यपुस्तकांतून मांडली गेली. परंतु २०१६ साली ऑस्ट्रेलियात शंभरांहून अधिक अर्भकांची अनेक आठवडे वारंवार पाहणी झाली, तेव्हा त्यांच्या हालचालींत अनुकरणाचा पुरावा आढळला नाही. कोणत्याही कुतूहलजनक दृश्याने उत्तेजित होऊन बालक जीभ काढते, एवढाच त्याचा अर्थ असावा, असे प्रतिपादन पुढे आले. मला या वादातील दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते, आणि त्याचे कारण कोणत्याही घरातील पाळण्यापाशी सापडते. आरंभीच्या महिन्यांत अनुकरण करते ती मुख्यतः आई, मावशी किंवा आजी. बाळाने हुंकार दिला की आजी तोच हुंकार लांबवून परत करते, बाळाने ओठांचा चंबू केला की तीही करते, आणि बाळ पुन्हा तसेच करून तिला पाहत राहते. आपल्या हालचालीचे प्रतिबिंब दुसऱ्याच्या मुखावर दिवसातून अनेकदा दिसत असता, ही मुद्रा आणि मला आतून जाणवणारी ही हालचाल एकच, हा संबंध बालकाच्या मनात हळूहळू बांधला जात असावा. आजीच्या या उद्योगाला घरात कोणी शिक्षण म्हणत नाही. वस्तुतः शिक्षणाची पायाभरणी तेथेच चाललेली असते.

वर्षाचे मूल पाहिलेली क्रिया लगेच करून दाखवते. पण त्याच्या पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे याने आपल्या मुलीचे एक उदाहरण नोंदवले आहे. ती सोळा महिन्यांची असताना साधारण तिच्याच वयाचा एक मुलगा घरी आला आणि खेळण्याच्या कठड्यातून बाहेर पडण्यासाठी पाय आपटून, किंचाळून त्याने आकांत मांडला. मुलीने असा प्रकार पूर्वी कधी पाहिला नव्हता. ती स्तब्ध राहून बघत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कठड्यात तिने तसेच पाय आपटून दाखवले. प्रत्यक्ष समोर नसलेली गोष्ट एक अहोरात्र मनात जपून ठेवून ती पुन्हा अंगाने उभी करावयाची, हे स्मृतीचे आणि कल्पनेचे काम झाले. पोळ्याच्या सुमारास चिखलाचे बैल करणारा, किंवा ज्वारीच्या धाटातील भेंड काढून चिपाडांच्या दांड्यांनी गाडी जोडणारा मुलगा हेच काम मोठ्या प्रमाणावर करत असतो. भातुकलीचा सारा संसार याच सामर्थ्यावर चालतो.

आता चुलीपाशी बसू, कारण अनुकरणाचे सर्वांत गूढ अंग तेथे जवळून पाहता येते. आई काठवटीत ज्वारीचे पीठ मळून भाकरी थापत आहे आणि शेजारी तीन वर्षांची मुलगी हातात लिंबाएवढा गोळा घेऊन बसली आहे. आई पिठी पसरून भाकरी फिरवत थापते, ती दोन्ही हातांनी उचलून पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकते, बोटे पाण्यात बुडवून वरून पाणी फिरवते, पाणी सुकू लागले की भाकरी उलटते, आणि शेवटी तवा उतरवून ती आरावर धरते, तेव्हा ती टम्म फुगते. मुलीचा गोळा एव्हाना काळवंडलेला असतो. तिच्याजवळ तवा नाही, जाळ नाही. तरीही ती आपली वेडीवाकडी भाकरी जमिनीवर ठेवल्यावर बोटे त्याच पाण्यात बुडवून तिच्यावर फिरवते, क्षणभर थांबते, मग उलटते, आणि चुलीच्या भिंतीला टेकवून ती फुगण्याची वाट पाहते. पाण्याने वरची पिठी शोषली जाते, पृष्ठभाग कोरडा पडून चिरत नाही आणि आतली वाफ कोंडून भाकरी फुगते, हे मुलीला माहीत असण्याचा प्रश्नच नाही. आईलासुद्धा विचारले तर ‘पाणी लावावं लागतं’ एवढेच ती सांगेल. प्रयोजन ठाऊक नसलेली क्रिया मुलीने गाळली नाही, हीच येथील लक्षात घेण्याची गोष्ट आहे.

मुलांच्या या प्रवृत्तीवर झालेला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक पेटी घेतली होती, जिच्यातील खाऊ बाहेर काढण्यासाठी काही क्रिया आवश्यक आणि काही अगदी निरर्थक होत्या. पेटी अपारदर्शक असताना युगांडातील अभयाश्रमातले तरुण चिंपांझी दाखवलेल्या सगळ्या क्रिया करत. परंतु तीच पेटी पारदर्शक करून निरर्थक काठी टोचण्याने आत काहीच घडत नाही हे दिसू दिले, तेव्हा त्यांनी त्या क्रिया सोडून सरळ खाऊ काढला. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र पारदर्शक पेटीतसुद्धा निरर्थक क्रिया सांगोपांग केल्या. वरवर पाहता येथे वानर शहाणे आणि मूल भोळे ठरले. हा केवळ शहरी, शाळकरी मुलांचा स्वभाव असेल अशी शंका घेऊन पुढे कालाहारी वाळवंटातील सान लोकांच्या मुलांमध्येही तसाच शोध घेण्यात आला, आणि तेथेही तोच प्रकार आढळला.

या भोळेपणातच मनुष्याच्या संस्कृतीचे मर्म आहे, असे मला निःशंकपणे वाटते. कणगीत धान्य भरताना कडुनिंबाचा पाला घालावयाचा, डाळ साठवताना तिला राख चोळावयाची, अशा असंख्य वहिवाटींची कारणे करणाऱ्याला दिसत नाहीत. कीड लागली नाही म्हणजे ती का लागली नाही हे डोळ्यांनी कळण्याची सोय नसते. ज्या क्रियेचे प्रयोजन आपल्याला तत्काळ पटत नाही ती गाळून टाकण्याची बुद्धी जर मुलांत उपजत असती, तर कडुनिंबाचा पाला पहिल्याच पिढीत गळाला असता आणि अनेक पिढ्यांनी अनुभवाने साठवलेले शहाणपण प्रत्येक पिढीला नव्याने, नुकसान सोसून, शोधावे लागले असते. याच विश्वासाने निरर्थक रूढीही पुढे चालत येतात, हे कबूल केलेच पाहिजे. मूल दोहोंत भेद करू शकत नाही. तो भेद करण्याचे काम पुढे विवेकाचे आणि शाळेचे आहे. परंतु हाती काही आल्याशिवाय विवेकाने निवडावयाचे तरी काय?

शिवाय मुलाचे अनुकरण सर्वस्वी आंधळे असते, असेही नाही. हंगेरीतील ग्येर्ग्ये गेर्गेली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली चौदा महिन्यांच्या मुलांसमोर एका स्त्रीने कपाळाने दाबून दिवा लावल्याचे दाखवले. तिचे हात मोकळे असताना तिने कपाळ वापरले, तेव्हा शेकडा ६९ मुलांनी पुढे कपाळानेच दिवा लावला. परंतु थंडी वाजत असल्याने दोन्ही हातांनी अंगावरची शाल आवळून धरून तिने कपाळ वापरले, तेव्हा तसे करणारी मुले शेकडा २१ इतकीच निघाली. हात गुंतलेले होते म्हणून तिला कपाळ वापरावे लागले, आपले हात तर मोकळे आहेत, असा जणू हिशेबच त्यांनी केला. मेल्ट्झॉफने १९९५ साली याहून सूक्ष्म गोष्ट दाखवली होती: मोठ्या माणसाने एखादी वस्तू उघडण्याचा प्रयत्न केला आणि ती उघडली नाही, तर अठरा महिन्यांचे मूल फसलेला प्रयत्न न गिरवता त्याच्या मनातील हेतू पुरा करते. म्हणजे मूल हातांकडे पाहता पाहता मनाकडेही पाहत असते.

आणि ते कोणाकडे पाहते, यावर पुष्कळ अवलंबून आहे. १९३१ साली अमेरिकेतील विन्थ्रॉप केलॉग या मानसशास्त्रज्ञाने गुआ नावाची साडेसात महिन्यांची चिंपांझी मादी घरी आणून आपल्या दहा महिन्यांच्या डोनल्ड नावाच्या मुलाबरोबर तिला सर्वतोपरी मुलासारखेच वाढवले. मानवी सहवासात वानराचे पिलू कितपत मनुष्य होते, हे पाहावयाचे होते. गुआ पुष्कळ शिकली, पण बोलली नाही. उलट अन्न दिसताच गुआ जसा आवाज करी तसा आवाज डोनल्ड करू लागला. नऊ महिन्यांनी प्रयोग थांबला. दोघांमध्ये खरा अनुकरणकुशल कोण, याचा निकाल त्या घरात लागला होता.

आपल्या मुलुखात शाळा फार उशिरा आल्या. निजामाच्या अमलात, १९४८ पर्यंत, परभणीच्या बहुसंख्य खेड्यांतील मुलांच्या वाट्याला पाटी आलीच नाही, आणि जेथे आली तेथेही शिक्षणाचा शिरस्ता गिरवण्याचाच होता: धूळपाटीवर बोट फिरवून अक्षराचे वळण हातात बसवावयाचे, मग कित्ता समोर ठेवून ते शाईत उतरवावयाचे. पटवाऱ्याचा मुलगा बापाच्या दप्तराशेजारी बसून आकारणीचे आणि वसुलीचे कागद मांडण्याची रीत उचली, तर सुताराचा मुलगा वाकसाने ढलप्या काढी. मुली जात्याचा खुंटा आईच्या हाताखाली आपला हात ठेवून धरीत, आणि दळणाच्या फेऱ्यांबरोबर ओवीची लय अंगात भिनत जाई. शब्द त्यानंतर येत. या जिल्ह्यातील गंगाखेडला जन्मलेल्या जनाबाई लहान वयातच पंढरपुरी संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला राहिल्या, असे परंपरा सांगते. त्या घरातील माणसांच्या नावावर, नामदेवांच्या आईच्या आणि पत्नीच्यासुद्धा, अभंग सांगितले जातात. ज्या घरात दळणकांडण आणि अभंगरचना ही दोन्ही नित्याची कामे होती, त्या घरात वावरणारी मुलगी दळणे शिकली त्याच रीतीने अभंगही शिकली असली पाहिजे. पुढे तिने त्या छंदात जे ओतले ते सर्वस्वी तिचे होते. मात्र छंद तिला घरातून, ऐकता ऐकता मिळाला.

परंतु मूल पुढ्यात येईल ते उचलते, ही गोष्ट चिंतेचीही आहे. १९६१ साली अल्बर्ट बांडुरा याने स्टॅनफर्डच्या बालवाडीतील ७२ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: रबरी बाहुल्याला मोठे माणूस हातोड्याने बडवत असलेले ज्या मुलांनी पाहिले, त्यांनी पुढे तोच हातोडा, तेच ठोसे आणि तेच शब्द वापरले. घरात दारू पिऊन आईवर हात उगारणारा बाप मुलाला कोणता पाठ देतो, हे सांगण्यासाठी प्रयोगाची गरज नाही, तरी प्रयोगाने त्याला दुजोरा दिला. आपल्याकडे आणखी एक धोका फार जवळचा आहे. सोनपेठ, गंगाखेड, पाथरी या भागांतून दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला जातात, फडाशेजारच्या कोपीत राहतात, आणि पहाटेच्या अंधारात आईबाप फडात शिरले की मूल वाढ्यांच्या ढिगापाशी बसून त्यांना पाहत राहते. तोडणी, मोळी बांधणे, डोक्यावर घेऊन गाडीत चढवणे हे सारे ते खेळात उतरवते. आणि ज्या हाताने ते लटकी मोळी बांधते, तोच हात संधी मिळताच खऱ्या कोयत्याकडे जातो. कपाशीच्या फवारणीनंतर धुऊन घरात पाण्यासाठी ठेवलेला औषधाचा डबा आणि शेजारी पाणी पिणारा बाप, या दोन दृश्यांतून मूल काय उचलेल, याचा विचार डबा ठेवण्यापूर्वीच झाला पाहिजे. अशा ठिकाणी ‘हात लावू नको’ असे शंभर वेळा सांगण्याला अर्थ नाही. मूल ऐकलेले विसरते आणि पाहिलेले करते.

या धोक्यांखेरीज एक बदल सावकाश होत आहे. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात बी आतल्या चकत्यांतून खाली पडते. ते कसे पडते हे मुलाला दिसत नाही. पीठ गिरणीतून येते, डाळ बाजारातून. यंत्राने श्रम वाचले, विशेषतः बायकांचे, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. जात्यावरचे पहाटेचे दळण परत यावे असे ज्याला वाटते त्याने ते कधी दळलेले नसते. पण मुलांना पाहण्याजोगे मोठ्यांचे काम त्यामुळे कमी झाले आणि ती रिकामी जागा मोबाइलच्या चित्रांनी भरली, हेही खरे. या चित्रांतून मूल पुष्कळ शिकेल, ही समजूत फार छोट्या मुलांच्या बाबतीत टिकत नाही. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली दाखवले की, नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांशी चिनी भाषक माणसे समोर बसून खेळली-बोलली, तेव्हा बारा बैठकींत त्यांना त्या भाषेतील ध्वनिभेद ओळखू येऊ लागले. तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर दाखवले असता काहीच साध्य झाले नाही. बालकाला समोर माणूस लागतो: त्याच्याकडे पाहणारा, त्याच्या हुंकाराला हुंकार देणारा.

ही गोष्ट महाराष्ट्रात ज्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत तळमळीने ओळखली, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसरी पद्धतीचे काम करून १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला आल्या, आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्याने पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे केंद्र उभे राहिले, तेथे परदेशी बनावटीच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात भरावी, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीसाठी पाळणाघर शेजारीच असावे, या त्यांच्या योजनांत मला एक खोल निरीक्षण दिसते: मुलाला त्याच्या माणसांपासून आणि त्यांच्या कामापासून तोडून शिकवू नये. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे हळूहळू अंगणवाडी गावोगाव पोहोचली. परभणीच्या कृषी विद्यापीठात तर शेतीच्या जोडीला बालकाच्या विकासाचाही अभ्यास चालतो. ज्या विद्यापीठाने ज्वारीचे ‘परभणी मोती’ हे वाण दिले, त्याच आवारात मुलाच्या वाढीचाही विचार व्हावा, हे या जिल्ह्याला साजेसेच आहे.

राहिला प्रश्न मुलांच्या अंगणवाडीतील वेळेचा. तेथे तक्ते आहेत, बडबडगीते आहेत, पोषण आहार आहे. उणीव आहे ती पाहण्याजोग्या कामाची, आणि ती भरून काढावयास नवी इमारत लागत नाही, मंजुरी लागत नाही, वरून परिपत्रक येण्याची वाट पाहावी लागत नाही. मदतनीस डाळ निवडते ती दाराआड न निवडता मुलांच्या घोळक्यात बसून निवडावी आणि मूठभर डाळ प्रत्येकाच्या ताटलीत द्यावी. गावातील एखाद्या म्हातारीने आठवड्यातून एकदा येऊन वाती वळाव्यात, एखाद्या आजोबांनी अंबाडीच्या वाखाची दोरी वळून दाखवावी, सेविकेने हात धुताना ते मुलांना दिसतील असे, बोटांच्या बेचक्यांसह, सावकाश धुवावेत. मुलांनी तसेच करावे असे सांगण्याचीही आवश्यकता नाही. त्यांना जवळ बसू द्यावे, आणि त्यांच्या हातून डाळ सांडली, वात तुटली, दोरी उकलली, तर ती पुन्हा त्यांच्याच हातात द्यावी.